परदेशी नागरिकाशी विवाह : कागदपत्रे आणि व्हिसाचा मार्ग

परळ, लालबाग, दादर, गिरगाव या भागांतील आपल्या अनेक कुटुंबांतील मुले-मुली आज शिक्षण, नोकरी किंवा नातेवाइकांची भेट या निमित्ताने परदेशी जातात. काहींचा विवाह तिकडच्या नागरिकाशी जुळतो, आणि कधी कधी भेटीसाठी गेले असतानाच तो होतोही. उलट बाजूने, पर्यटक म्हणून मुंबईत आलेली परदेशी व्यक्ती आपल्या मुलाशी किंवा मुलीशी विवाह करते. मग घरात एकच प्रश्न सुरू होतो : आता तिथेच राहून अर्ज करायचा, की परत येऊन वकिलातीतून रीतसर जायचे? चाळीत याची उत्तरे पुष्कळ मिळतात. प्रत्येकाचा कोणीतरी चुलतभाऊ न्यू जर्सीला असतोच. परंतु एकाला लागू पडलेला मार्ग दुसऱ्याला अडचणीत टाकू शकतो. म्हणून या विषयाची मूलभूत माहिती सभासद व विद्यार्थ्यांसमोर ठेवीत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. विवाहाने नागरिकत्व आपोआप मिळते, असे पुष्कळांना वाटते. एके काळी काही अंशी ते खरे होते. ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर, ज्यांच्या जातिविषयक ग्रंथाचा परामर्श बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठातील १९१६ च्या निबंधात घेतला, त्यांनी १९२० साली एडिथ कोह्न या जर्मन ज्यू स्त्रीशी विवाह केला. त्या काळच्या ब्रिटिश कायद्यानुसार ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी ही विवाहानेच ब्रिटिश प्रजाजन मानली जाई. पत्नीला स्वतःचे असे काही विचारलेच जात नसे! आज अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, जर्मनी किंवा भारत यांपैकी कोठेही असे होत नाही. विवाहाने फक्त अर्ज करण्याचा हक्क मिळतो. त्यापुढील सर्व काही कागदपत्रांवर आणि अर्जदार देशात कसा आला यावर ठरते.

मुंबईत विवाह होणार असेल तर पहिली पायरी म्हणजे विवाहाचा दाखला. विहारात बौद्ध पद्धतीने झालेला विवाह आपल्याला मान्य असतो, संस्था त्याचे प्रमाणपत्रही देते. परंतु परदेशी वकिलातीला शासकीय नोंदणीचा दाखला लागतो. वर व वधू दोघेही बौद्ध भारतीय असतील तर १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू होतो, कारण त्या कायद्याच्या व्याख्येत बौद्धांचा समावेश आहे. एक पक्ष परदेशी असेल, आणि विशेषतः अन्यधर्मीय असेल, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचाच मार्ग घ्यावा. याच्या आधीचा १८७२ चा कायदा असा होता की, विवाह करणाऱ्याला आपण हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती, मुसलमान वगैरे कोणत्याच धर्माचे नाही असे लिहून द्यावे लागे. १९२३ च्या दुरुस्तीने काही धर्मीयांना त्यातून सूट मिळाली, आणि १९५४ नंतर ती अटच राहिली नाही.

विशेष विवाह कायद्यातील दिवसांचे गणित नीट समजून घेतले पाहिजे. वर किंवा वधू, दोघांपैकी एकाने नोटीस देण्यापूर्वी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात वास्तव्य केलेले असावे लागते. मुंबईकर पक्षाने ही अट आधीच पुरी केलेली असते. नोटीस लागल्यावर ३० दिवस हरकतींसाठी थांबावे लागते, त्यानंतर तीन साक्षीदारांसमोर विवाह होतो. नोटिशीपासून तीन महिन्यांत तो न झाल्यास पुन्हा नोटीस द्यावी लागते. आता परदेशी व्यक्ती ३० दिवसांच्या ई-पर्यटक व्हिसावर आली असेल तर हे गणित बसत नाही, हे कोणीही बोटावर मोजून सांगेल. अधिक मुदतीचा व्हिसा घेऊनच यावे. काही जण आधी विहारात विधी उरकतात आणि नंतर त्याच विवाहाची कलम १५ खाली नोंदणी करू म्हणतात. त्या कलमात दोघांचेही जिल्ह्यात ३० दिवसांचे वास्तव्य लागते, दोघांचेही वय २१ पूर्ण असावे लागते, आणि वर नोटिशीचे ३० दिवस. म्हणजे पाहुण्याचे दोन महिने गेले. यापेक्षा आधी नोटीस द्यावी, नोंदणी करावी आणि मग आप्तेष्टांसह मंगल परिणय करावा. परदेशी पक्षाला आपण अविवाहित किंवा घटस्फोटित असल्याचा पुरावाही द्यावा लागतो. तो त्याच्या देशातून किंवा वकिलातीतून आणायचा असल्याने त्याची तजवीज प्रवासापूर्वीच करावी.

आपल्या समाजापुरती एक खास अडचण आहे ती नावांची. धर्मांतरानंतर अनेक कुटुंबांनी आडनावे बदलली. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, मुलाच्या दाखल्यावर दुसरे, पासपोर्टवर इंग्रजी स्पेलिंग तिसरेच. एका दाखल्यावर जुनी जात, दुसऱ्यावर बौद्ध. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. परदेशी अधिकाऱ्याला मात्र या दोन वेगळ्या व्यक्ती वाटतात. नाव बदलल्याची शासकीय राजपत्रातील प्रत हा यावरचा सर्वांत भक्कम पुरावा होय. जन्मदाखल्याचेही तसेच. महापालिकेच्या जुन्या नोंदीत पुष्कळदा मुलाचे नावच नसते, ते वॉर्ड ऑफिसात जाऊन घालून घ्यावे लागते. जन्म गावी झाला असेल आणि नोंदच नसेल तर तसा ‘नोंद उपलब्ध नाही’ हा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला व वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडावी लागतात. काही देशांना दाखल्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टीलही लागते. ही पद्धत भारताला २००५ पासून लागू आहे. ही कामे आई-वडील हयात असतानाच करून ठेवलेली बरी, म्हणजे प्रतिज्ञापत्र ते स्वतः देऊ शकतात.

आता अमेरिकेचा प्रश्न. अमेरिकन नागरिकाच्या पती-पत्नीला वार्षिक कोट्याची रांग नसते. भेटीच्या बी-२ व्हिसावर गेलेल्या व्यक्तीने तेथे विवाह केला तर दोन मार्ग उरतात. पहिला, तेथेच राहून दर्जा बदलण्याचा अर्ज. नागरिक जोडीदार आय-१३० भरतो व आपण आय-४८५. दुसरा, भारतात परत येऊन आय-१३० मंजूर झाल्यावर मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत स्थलांतरित व्हिसाची मुलाखत देणे. ही वकिलात २०११ पर्यंत ब्रीच कँडीच्या लिंकन हाऊसमध्ये होती, आता वांद्रे-कुर्ला संकुलात आहे.

पहिल्या मार्गात कळीचा मुद्दा हेतूचा आहे. विमानतळावर ‘फिरायला आलो’ असे सांगितले आणि मनात लग्न करून राहण्याचे होते, तर ती खोटी माहिती ठरते. तिची शिक्षा कायमच्या प्रवेशबंदीपर्यंत जाते, आणि त्यातून माफी मिळवणे सोपे नाही. परराष्ट्र खात्याच्या २०१७ पासूनच्या सूचनेनुसार, प्रवेशानंतर ९० दिवसांच्या आत विवाह करून तेथेच बस्तान बसवल्यास हेतूबद्दल संशय धरला जातो. त्यावरून ‘९१ व्या दिवशी लग्न करा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. अर्ज तपासणाऱ्या इमिग्रेशन खात्यावर ती सूचना बंधनकारक नाही, त्यामुळे दिवस मोजून कोणी सुटत नाही की अडकत नाही. खरोखर भेटीला गेला होता आणि विवाह तिथे ठरला, हे पत्रे, परतीचे तिकीट, इथली नोकरी यांवरून दिसले पाहिजे.

अर्ज दाखल केल्यावर निकालापर्यंत, विशेष प्रवास परवाना हाती नसताना, देश सोडला तर अर्ज सोडून दिला असे मानतात. निकालाला अनेक महिने लागतात. या काळात इकडे आई आजारी पडली तर? हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारावयास सांगतो, कारण तो फॉर्मवर छापलेला नसतो. बेस्टमध्ये किंवा महापालिकेत नोकरी असेल, परीक्षा राहिली असेल, घरचे एकच मिळवते माणूस असेल, तर परत येऊन वकिलातीचा मार्ग घेणे माझ्या मते शहाणपणाचे. विरह सोसावा लागतो, पण इकडचे पाश नीट सोडवता येतात आणि तिथे उतरल्या दिवसापासून नोकरीचा हक्क असतो.

मात्र याला एक मोठा अपवाद आहे. दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षे राहण्याची परवानगी नव्हे. किती दिवस राहायचे ते आय-९४ नोंदीवरील तारीख सांगते, साधारणतः सहा महिने. ही मुदत ओलांडून १८० दिवसांहून अधिक काळ राहिलेला माणूस देश सोडतो तेव्हा त्याच्यावर तीन वर्षांची, आणि एक वर्ष किंवा अधिक राहिलेल्यावर दहा वर्षांची प्रवेशबंदी येते. ही तरतूद १९९६ च्या कायद्याची असून १ एप्रिल १९९७ पासून लागू आहे. रीतसर तपासणी होऊन व्हिसावर आत आलेल्या, नागरिकाच्या जोडीदाराला मुदत ओलांडली तरी तेथेच अर्ज करण्याची कायद्यात सोय आहे. अशा माणसाला ‘परत ये, इकडून व्हिसा घे’ असे सांगणे म्हणजे त्याला दहा वर्षे घरी बसवणे होय. त्याने देश सोडण्यापूर्वी वकिलाला भेटलेच पाहिजे. अर्ज नामंजूर झाल्यास हद्दपारीची कारवाई होऊ शकते, हेही त्याने जाणून असावे. विद्यार्थ्यांनी आणखी एक पाहावे. सरकारी पैशावर जे-१ व्हिसाने गेलेल्यांना बहुधा दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते, आणि विवाहाने ती सुटत नाही.

इतर देशांत निवड इतकी रुंद नाही. इंग्लंडमध्ये साध्या भेटीच्या व्हिसावर विवाहच करता येत नाही. त्यासाठी वेगळा विवाह-भेट व्हिसा आहे, आणि त्यावरही तेथे राहता येत नाही. परत येऊन जोडीदाराचा व्हिसा घ्यावा लागतो. त्यासाठीची किमान उत्पन्नाची अट एप्रिल २०२४ मध्ये १८,६०० पौंडांवरून २९,००० करण्यात आली. जर्मनीसाठी सर्वसाधारणपणे इथूनच व्हिसा घ्यावा लागतो, व बहुतेकांना प्राथमिक जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागते. काळाघोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात तिची सोय आहे. कॅनडात मात्र तेथे राहून किंवा बाहेरून, असे दोन्ही अर्ज चालतात. बाहेरून केलेला अर्ज नाकारला गेला तर अपिलाचा हक्क असतो, आतून केलेल्याला तो नसतो.

मुलीच्या आई-वडिलांनी पुढील गोष्ट लक्षपूर्वक वाचावी. कायम वास्तव्याचा दर्जा मिळते वेळी विवाहाला दोन वर्षे झाली नसतील तर अमेरिकेत पहिले कार्ड दोन वर्षांचेच असते, आणि ते कायम करण्याचा अर्ज दोघांनी मिळून करायचा असतो. मग नवऱ्याच्या हातात धमकीचे शस्त्र येते : ‘सही करणार नाही, परत पाठवीन.’ असा छळ होत असेल तर एकटीने अर्ज करण्याची सूट कायद्यात आहे, आणि अर्जच केलेला नसेल तर १९९४ च्या कायद्याने पीडित जोडीदाराला स्वतःचा अर्ज नवऱ्याला न कळवता करता येतो. पुरुषांनाही ही तरतूद लागू आहे. इंग्लंडमध्येही जोडीदाराच्या व्हिसावरील पीडितांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. पासपोर्ट, विवाहाचा दाखला व सर्व अर्जांच्या प्रती मुलीच्या स्वतःच्या ताब्यात असाव्यात आणि एक संच परळच्या घरी असावा.

परदेशी सून किंवा जावई मुंबईतच राहणार असेल तर पर्यटक व्हिसा एरवी बदलता येत नाही, पण त्याची मुदत चालू असताना भारतीय नागरिकाशी विवाह झाल्यास तो प्रवेश व्हिसात बदलून मिळू शकतो. अर्ज २०१८ पासून ई-एफआरआरओ या ऑनलाइन व्यवस्थेतून होतो. परदेशी नागरिकांबाबतचे जुने कायदे रद्द होऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला आहे, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबू नये. नोंदणीकृत विवाहाला सलग दोन वर्षे झाल्यावर ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. पाकिस्तान व बांगलादेशाच्या आजी-माजी नागरिकांना मात्र ते मिळत नाही. या कार्डावर मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि घटस्फोट झाल्यास कार्ड रद्द होऊ शकते. पूर्ण नागरिकत्वासाठी भारतात सात वर्षांचे वास्तव्य लागते. ते घेताना मूळ नागरिकत्व सोडावे लागते, कारण आपल्या कायद्याला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही.