न आठवणारं बालपण

चौथी-पाचवीची वर्षंच कोरी. ना वर्ग आठवतो, ना घराचं अंगण. पण एखादा वास आला की हातपाय गार पडतात. मेंदूला इजा नसताना आघातामुळे पडणाऱ्या अशा भगदाडाला ‘विघटनात्मक स्मृतिलोप’ म्हणतात. ‘आठवत नाही’ असं सांगणाऱ्याला खोटारडं ठरवणं फार क्रूर आहे. अमेरिकेत लिंडा विल्यम्स यांनी १९९४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बालपणीच्या लैंगिक अत्याचाराची नोंद असलेल्या १२९ स्त्रियांची सुमारे १७ वर्षांनी मुलाखत घेतली, तेव्हा ३८ टक्के जणींनी ती घटना सांगितलीच नाही. काहींनी टाळली असेल. सगळ्यांनीच टाळली, असं मला वाटत नाही.

तरीही हरवलेलं उकरायची घाई नको. संमोहनाने तर मुळीच नको, कारण सुचवण्यातून खोट्या आठवणीही रुजतात. आधी झोप, सुरक्षित घर, विश्वासाचं माणूस. भूतकाळ अंगावर धावून आला तर पाय जमिनीवर घट्ट टेकवावेत, गार पाणी हातावर घ्यावं, समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यावीत. आठवणी आल्याच, तर त्या प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाच्या सोबतीने, आपल्या गतीने याव्यात. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.