'व्यक्ती आणि कृती' : वॉयतिवा यांच्या विचारातील आत्मभान व स्वातंत्र्य

कारोल वॉयतिवा यांच्या १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या तत्त्वज्ञानात्मक ग्रंथाचे मूळ पोलिश नाव 'ओसोबा इ चिन', म्हणजे 'व्यक्ती आणि कृती', असे आहे. १९७९ मध्ये तो इंग्रजीत 'द अॅक्टिंग पर्सन' या नावाने आला. मधला 'आणि' गळाला आणि कृती हे व्यक्तीचे केवळ विशेषण ठरले. २०२१ च्या नव्या इंग्रजी भाषांतराने 'पर्सन अँड अॅक्ट' असे शीर्षक देऊन तो 'आणि' परत आणला. हा भेद वरवरचा नव्हे. कृतीतून व्यक्ती प्रकट होते, हेच या ग्रंथाचे प्रतिपाद्य आहे. ('व्यक्ती' या शब्दाच्या मुळाशी प्रकट होणे हाच अर्थ असल्याने मराठी शीर्षक येथे अनायास अर्थपूर्ण ठरते.)

१९७८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे झालेले वॉयतिवा त्यापूर्वी लुब्लिनच्या कॅथलिक विद्यापीठात नीतिशास्त्राचे अध्यापक होते. थॉमस अक्वायनस यांची सत्ताशास्त्रीय परंपरा त्यांना मान्य होती. पण विवेकशील स्वरूपाचे व्यक्तिगत द्रव्य या बोएथियसच्या व्याख्येत माणसाचा आतून घेतलेला अनुभव पुरेसा सामावत नाही, असे त्यांना वाटे. त्यासाठी त्यांनी माक्स शेलर यांच्या प्रतिभासशास्त्राचा आधार घेतला, तोही सावधपणे. शेलर यांच्याकडे भावनेला जे स्थान आहे, त्यात कर्त्याचे कर्तृत्व मावळते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होय.

'माणूस कृती करतो' आणि 'माणसात काही घडते' या दोन अनुभवांतील फरकापासून विवेचन सुरू होते. भूक लागते, भीती दाटते. हे माणसात घडते. वचन पाळणे ही मात्र त्याची कृती असते. दोन्हींची जाणीव त्याला असते. तेव्हा केवळ जाणिवेने माणूस स्वतंत्र ठरत नाही. म्हणूनच वॉयतिवा जाणीव आणि स्वज्ञान यांत भेद करतात. हुसर्ल यांच्या मताला सोडून ते म्हणतात की जाणीव स्वतः विषयाभिमुख नसते. जाणण्याचे काम ज्ञानाचे. जाणीव ज्ञात झालेले आरशासारखे प्रतिबिंबित करते. तिचे दुसरे कार्य अधिक खोल आहे : प्रतिबिंबित झालेले ती कर्त्याकडे वळवते, आणि 'हे माझे आहे, मी केले आहे' असा अनुभव येतो. या दुसऱ्या कार्यालाच येथे आत्मभान म्हटले आहे.

मानसशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग जाणिवेच्या भावनाग्रस्ततेचा आहे. संतापलेल्या माणसाच्या जाणिवेत संताप प्रतिबिंबित होतच असतो. पण भावनेचा वेग स्वज्ञानाच्या आवाक्याबाहेर गेला की 'मी संतापलो आहे' हे ज्ञान उरत नाही, संतापच उरतो. भावना बाहेरची नसते, तिला दडपणे हाही उपाय नव्हे. तिचे ज्ञान राखून तिला व्यक्तीच्या समग्रतेत सामावणे, याला ग्रंथात एकात्मीकरण म्हटले आहे.

स्वातंत्र्य म्हणजे बंधनाचा अभाव नव्हे, तर स्वनिर्धारण, हा यापुढचा टप्पा. प्रत्येक निवडीत माणूस एखादी वस्तू निवडतो आणि त्याच वेळी स्वतःलाही घडवतो. खोटे बोलणारा खोटारडा होतो. जो स्वतःचा स्वामी आहे तोच स्वतःविषयी निर्णय घेऊ शकतो. साम्यवादी राजवटीतील पोलंडमध्ये, जेथे व्यक्तीला समूहाच्या हिशेबात मोजले जात होते, तेथे या मांडणीला राजकीय धार आपोआपच होती.

मराठीत हे विवेचन आणताना दोन ठिकाणी पाय घसरतो. 'सामोव्येद्झा' या पोलिश संज्ञेला 'आत्मज्ञान' म्हटले, तर ज्ञानेश्वरीच्या वाचकाला अहंकार विरघळवणारे मोक्षदायी ज्ञान आठवेल. वॉयतिवांना मात्र स्वतःच्या रागाचे, दोषांचे, हेतूंचे साधे, तुकड्यातुकड्याने मिळणारे ज्ञान अभिप्रेत आहे. दुसरे, आरशाच्या रूपकामुळे वेदान्तातील साक्षीची तुलना सहज सुचते. परंतु साक्षी अकर्ता असतो. येथे जाणीव कर्त्याला त्याचे कर्तेपण नाकारू देत नाही.