फोनवर निरोप पोचतो तो असा

पुश नोटिफिकेशन अ‍ॅपच्या सर्व्हरवरून थेट फोनवर येत नाही. आयफोनसाठी ते अ‍ॅपलच्या, २००९ मध्ये सुरू झालेल्या सेवेमार्फत येते आणि अँड्रॉइडवर बहुधा गुगलच्या फायरबेस क्लाउड मेसेजिंगमार्फत. प्रत्येक अ‍ॅप आपापल्या सर्व्हरला ‘काही नवीन आहे का?’ असे विचारत राहिले, तर बॅटरी झपाट्याने उतरेल. म्हणून फोन या मधल्या सेवेशी एकच जोडणी उघडी ठेवतो आणि सगळ्या अ‍ॅपचे निरोप त्याच वाटेने येतात.

निरोपाचा पत्ता म्हणजे टोकन. अ‍ॅपची नोंदणी झाली की सेवा ते देते आणि अ‍ॅपने ते आपल्या सर्व्हरकडे जमा करायचे असते. मात्र ते कायमचे नसते. अ‍ॅप काढून पुन्हा टाकले किंवा नवा फोन घेतला की टोकन बदलते, म्हणून जुनी टोकन यादीतून वेळच्या वेळी काढावी लागतात. सर्वांत गंभीर चूक होते ती लॉगआउटच्या वेळी. वडिलांनी लॉगआउट केले, त्याच फोनवर मुलीने स्वतःच्या खात्यातून लॉगिन केले. पण सर्व्हरवर टोकन वडिलांच्याही नावावर राहिले, तर त्यांच्या रक्ततपासणीचा अहवाल आल्याची सूचना मुलीसमोर झळकते. लॉगआउट होताच टोकन आणि खाते यांची गाठ सोडवायलाच हवी.

निरोप आल्यावर काय घडते, हे अ‍ॅपच्या स्थितीवर ठरते. अँड्रॉइडवर ‘नोटिफिकेशन’ प्रकारचा मेसेज आला आणि अ‍ॅप मागे असले, तर प्रणालीच तो परस्पर दाखवते. अ‍ॅप समोर उघडे असेल, तर मेसेज त्याच्या कोडकडे येतो आणि दाखवायची जबाबदारीही त्याचीच. नवखा डेव्हलपर अ‍ॅप उघडे ठेवूनच चाचणी करतो, काहीच दिसत नाही, आणि तो सर्व्हरमध्ये दोष शोधत बसतो. आयफोनवरही समोरच्या अ‍ॅपसाठी तशी वेगळी तजवीज करावी लागते. सूचनेवर बोट ठेवल्यावर योग्य पडदा उघडतो का, हे अ‍ॅप पूर्ण बंद असतानाही तपासले पाहिजे.

पोचण्याची हमी कोणतीच सेवा देत नाही. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून पडून असलेला फोन ‘डोझ’ या बॅटरी वाचवणाऱ्या अवस्थेत जातो आणि साध्या प्राधान्याचे मेसेज थांबून राहतात. म्हणून निरोपाला मुदत घालावी: ओटीपी काही मिनिटांनी निरुपयोगी होतो. सामन्याच्या धावसंख्येसाठी एकच कोलॅप्स की, म्हणजे जुन्या निरोपाच्या जागी नवा ठेवायला सांगणारी खूण, ठेवली की फोन नेटवर्कमध्ये आल्यावर फक्त ताजा आकडा मिळतो. मेसेजमध्ये मावते जेमतेम ४ किलोबाइट. खरी माहिती सर्व्हरवरच ठेवून अ‍ॅप उघडताना मागवून घ्यावी, म्हणजे सूचना हुकली तरी वापरकर्त्याचे काही हुकत नाही.

२०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून आयफोनप्रमाणे अँड्रॉइडवरही सूचनांसाठी परवानगी मागावी लागते. आयफोनवर परवानगीची चौकट एकदाच येते; नकार मिळाला, तर वापरकर्त्याला स्वतः सेटिंग्जमध्ये जावे लागते. त्यामुळे अ‍ॅप उघडल्या उघडल्या ती दाखवण्यापेक्षा पहिली ऑर्डर नोंदवल्यावर, ती कुठवर आली हे कळवण्यासाठी विचारणे शहाणपणाचे.