विश्वासू यंत्र मूळ बदलते का? : मॅरान्ट्झ ७ चे सर्किट

मागच्या वेळी आपण ‘मूळ’ आणि ‘प्रत’ या दोन शब्दांपाशी थांबलो होतो. आज तोच प्रश्न एका यंत्राचे झाकण उघडून पाहू. यंत्र आहे मॅरान्ट्झ ७. न्यूयॉर्कच्या सॉल मॅरान्ट्झ यांच्या कंपनीने १९५० च्या दशकाच्या अखेरीस आणलेला हा स्टीरिओ प्रीअँप्लिफायर. त्याचे सर्किट आखले सिडनी स्मिथ यांनी.

प्रीअँप्लिफायरचे काम काय? तबकडीवरच्या सुईकडून येतात अवघे काही मिलिव्होल्ट. ते मोठे करून पुढे द्यायचे. आपल्याला वाटेल, यंत्राने नुसते मोठे करावे, बाकी हात लावू नये. तीच खरी निष्ठा. पण तसे केले, तर गाणे बिघडलेलेच ऐकू येईल. कारण तबकडी कापतानाच आवाज मुद्दाम बदललेला असतो. खर्ज पुरा कापला तर खोबणी इतकी रुंद डोलते की जागा पुरत नाही आणि सुई उडते. म्हणून तो कमी करतात. वरचे सूर वाढवून कापतात, म्हणजे पृष्ठभागाची खरखर त्यांच्याखाली दबते. किती बदल? १९५४ साली अमेरिकेत ठरलेल्या आरआयएए वक्राप्रमाणे वाजवताना २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल वाढ द्यायची आणि २०,००० हर्ट्झला सुमारे २० डेसिबल घट. दोन टोकांत जवळजवळ ९० पटींचा फरक!

आता हे स्मिथ यांनी कसे साधले ते पाहा. यंत्रात १२एएक्स७ जातीचे सहा व्हॉल्व्ह आहेत. एका व्हॉल्व्हमध्ये दोन ट्रायोड, म्हणजे एकूण बारा. प्रत्येक चॅनेलला सहा. त्यांतले तीन तबकडीसाठी. पहिले दोन आवाज वाढवतात. तिसरा काहीच वाढवत नाही! त्याला कॅथोड फॉलोअर म्हणतात. मग तो कशाला? १२एएक्स७ वाढ भरपूर देतो, पण त्याच्या अंगात जोर कमी. पुढे थोडे ओझे आले की तो दबतो. फॉलोअर ते ओझे स्वतः पेलतो.

आणि हे ओझे म्हणजेच या सर्किटचे मर्म. फॉलोअरकडून निघालेल्या सिग्नलचा काही अंश रोध आणि कपॅसिटर यांच्या जाळ्यातून पहिल्या ट्रायोडच्या कॅथोडवर परत आणला आहे. हा निगेटिव्ह फीडबॅक. ही कल्पना बेल लॅब्जच्या हॅरल्ड ब्लॅक यांना १९२७ मध्ये हडसन नदीवरच्या फेरीबोटीत सुचली. बाहेर पडलेले आत आलेल्याशी ताडायचे आणि जास्तीचे वजा करायचे. वाढ घटते, पण चूकही घटते. इथे ते जाळे वरचे सूर जास्त परत पाठवते, म्हणून ते कमी वाढतात. खर्ज कमी परत येतो, म्हणून तो जास्त वाढतो. चूक सुधारणे आणि वक्र सरळ करणे, दोन्ही कामे एकाच वळशात होतात.

अर्थात फुकट काही मिळत नाही. खर्जाला सगळ्यात जास्त वाढ लागते, म्हणजे तिथे फीडबॅकला शिल्लक थोडी उरते आणि सुधारणाही सर्वांत कमी होते. म्हणूनच सुरुवातीला वाढीची पुंजी मोठी हवी. ती देतो १२एएक्स७, ज्याचा वर्धनांक १०० आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. इथे निष्ठा म्हणजे ‘जसेच्या तसे’ नव्हे. कापणाऱ्याने केलेला करार वाचणाऱ्यानेही पाळणे, म्हणजे निष्ठा. करार माहीत नसेल तर? १९५४ पूर्वी कंपनीगणिक वक्र वेगळे होते. म्हणूनच या यंत्रावर आरआयएएबरोबर जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांसाठी वेगळी खूण आहे. ही गोष्ट आपल्यापासून दूर नाही. आज कितीतरी घरांत बालगंधर्वांच्या पदांच्या तबकड्या संगणकात उतरवल्या जातात. त्या काळच्या बऱ्याच तबकड्यांत वरचे सूर वाढवलेलेच नसत. त्या आरआयएएवर वाजवल्या, तर जे वाढवलेच नव्हते तेही कापले जाते. आवाज दबका येतो. आणि आपण म्हणतो, “जुनी रेकॉर्डिंग अशीच असायची.” दोष वाचनाचा, ठपका मात्र मुळावर!

तेव्हा कुठलीही प्रत हाती आली की आधी विचारू या : ही कोणत्या करारावर लिहिली गेली? जुन्या ग्रंथांच्या भाष्यांनाही हाच प्रश्न लागू पडतो का, ते पुढच्या व्याख्यानात पाहू.