सापळा कुठवर पोचतो?

कोरेगावातून तक्रार

कोरेगाव तालुक्यात फेरफार नोंदवायला कोणी लाच मागितली, तर १०६४ वर फोन करता येतो किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचे साताऱ्याचे कार्यालय गाठता येते. पंचांसमक्ष मागणीची पडताळणी होते, नोटांना पावडर लावतात, सापळा रचतात. रंगेहाथ पकडायला सरकारची पूर्वपरवानगी लागत नाही. या पातळीवर यंत्रणा काम करते. लोकांनी तिचा वापर केलाच पाहिजे.

वर गेले की अडते

मोठा भ्रष्टाचार पाकिटातल्या नोटांत सापडत नाही. तो निविदेत असतो, फायलीवरच्या शेऱ्यात असतो. अशा निर्णयाचा तपास करायचा तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली घातलेले कलम १७अ आधी परवानगी मागायला लावते, आणि राज्याच्या मंत्र्यांबाबत ती राज्यातूनच मिळवावी लागते. खटल्यासाठी कलम १९ प्रमाणे पुन्हा मंजुरी. त्यात लाचलुचपत प्रतिबंधक विभाग गृहखात्याखाली. त्याच्या प्रमुखाची नेमणूक आणि बदली सरकारच करते. तलाठी पकडणे सोपे आणि मंत्रालयात शिरणे अवघड, याचे कारण इथे आहे.

लोकायुक्तांचे बळ

मंत्र्यांविरुद्धच्या तक्रारी पाहणारे लोकायुक्त नेमण्यात महाराष्ट्र देशात पहिला: कायदा १९७१चा, कार्यालय १९७२पासून. पण या कायद्यात मुख्यमंत्री कक्षेबाहेर राहिले आणि लोकायुक्तांच्या हाती उरली शिफारस. सिमेंट वाटपाच्या प्रकरणी जानेवारी १९८२ मध्ये बॅ. अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले, ते लोकायुक्तांमुळे नव्हे, तर उच्च न्यायालयातल्या न्या. लेंटिन यांच्या निकालामुळे.

डिसेंबर २०२२ मध्ये विधानसभेने आणि वर्षभराने विधान परिषदेने मंजूर केलेल्या नव्या विधेयकात मुख्यमंत्री कक्षेत आले. अट मात्र अशी, की त्यांच्या चौकशीआधी विधानसभेच्या दोन-तृतीयांश सदस्यांनी संमती द्यावी. ज्याच्यामागे बहुमत, त्याच्याविरुद्ध दोन-तृतीयांश मते मिळणार कशी? ही अट म्हणजे दिलेला अधिकार परत काढून घेणे होय.

हद्दीपलीकडे कर्नाटकात

सांगली जिल्ह्याला लागून असलेल्या कर्नाटकात लोकायुक्तांकडे स्वतःचे पोलीस होते. न्या. संतोष हेगडे यांच्या बेकायदा खाणींवरील अहवालानंतर जुलै २०११ मध्ये मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना राजीनामा द्यावा लागला. २०१६ मध्ये दुसऱ्या पक्षाच्या सरकारने वेगळा लाचलुचपतविरोधी विभाग स्थापून लोकायुक्तांचे तपासाचे अधिकार काढले. ऑगस्ट २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो विभागच रद्द केला आणि अधिकार परत दिले. सत्तेवर पक्ष कोणताही असो, स्वतंत्र तपास त्याला नकोसाच असतो.

आमदारांना विचारा

महाराष्ट्रात लोकायुक्तांना स्वतःचे तपास पथक हवे, आणि दोन-तृतीयांशाची अट जायला हवी. दोन्ही गोष्टी विधिमंडळाच्या हातात आहेत. पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला कोरेगावकरांनी विचारावे: ही अट काढायला तुम्ही सभागृहात हात वर कराल का?