मोबाईलची रेंज आणि पाटाची पाळी

सन २०२३ च्या आरंभीं लाल कांद्याचे भाव कोसळले, तेव्हां १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या मुदतींत कांदा विकणाऱ्या शेतकऱ्यास क्विंटलामागें ३५० रुपये, कमाल २०० क्विंटलपर्यंत, अनुदान देण्याचें राज्य सरकारनें ठरविलें. अर्जासोबत सातबारावर कांद्याची नोंद मागण्यांत आली. नाशिक जिल्ह्यांत कांदा घरोघर होता; नोंद मात्र पुष्कळांची नव्हती. पुढें अट शिथिल होऊन गांवपातळीवर पाहणीची सोय झाली, तरी जी धांवपळ व्हावयाची ती झालीच. पूर्वीं पीकपाहणी तलाठी करीत असे व ती चुकल्यास त्याच्या नांवानें बोटें मोडतां येत असत. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि हें काम खातेदाराच्या स्वतःच्या मोबाईलवर आलें. पीक शेतांत उभें, फोन हातांत, आणि रेंज नाहीं, अशी अवस्था झाल्यास आतां बोल कोणास लावावा?

प्रस्तुत लेखकाची हयात महसुली दप्तरांत गेली. पीकपेरा गांव नमुना बारांत कसा उतरतो हें आम्हांस तोंडपाठ. परंतु गतसालीं डोंगराकडेच्या आमच्याच शेतांत उभें राहून पिकाचा फोटो वर चढविण्याची वेळ आली तेव्हां आमची विद्या संपली. फोनच्या माथ्यावर दोन दांड्या दिसत होत्या, चक्र फिरत होतें, काम होत नव्हतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं सातच्या सुमारास त्याच बांधावरून फोटो दोन मिनिटांत गेला. दांड्या तेवढ्याच होत्या! हें कोडें सोडविण्यासाठीं जाणत्यांस विचारलें व कांहीं वाचलें, तें शेतकरी बंधूंपुढें ठेवीत आहों.

दांड्या म्हणजे लहरींचा जोर. आपल्या वांट्यास किती येणार हें त्यांवरून कळत नाहीं. मोसम नदीवरील फडांची जुनी रीत वाचकांस ठाऊक आहे: बंधाऱ्याचें पाणी पाटांत येतें आणि पाटकरी तें पाळीनें शेतोशेतीं फिरवितो. टॉवर हा असाच एक पाटकरी होय. त्याजवळ बिनतारी लहरींचा ठराविक पट्टा असतो व आवाक्यांतील सर्व फोनांस त्यांतूनच वांटून द्यावयाचें असतें. ४जीच्या यंत्रांत ही पाळी सेकंदाच्या हजाराव्या भागांत बदलते, म्हणून पाळी चालू आहे हें कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. सकाळीं सातला पाळीवर शेतें थोडीं होतीं, इतकाच त्या कोड्याचा उलगडा.

आतां पाटाच्या शेवटच्या टोकाचें शेत पाहावें. वाटेंत पाणी झिरपतें, म्हणून तेवढीच जमीन भिजविण्यास अधिक वेळ लागतो. रेंजचेंही तसेंच आहे. टॉवरजवळील फोनाशीं लहरीच्या एका ठोक्यांत ६ बिट, म्हणजे माहितीचे सहा कण, देतां-घेतां येतात. दूरच्या वा डोंगराआडच्या फोनाशीं दोनच, कारण अधिक भरल्यास ते ओळखूं येईनासे होतात, आणि चुकलें तें पुन्हां पाठवावें लागतें. म्हणजे एकाच फोटोसाठीं दूरचा फोन जवळच्याच्या तिप्पट, कित्येकदां त्याहूनही अधिक वेळ टॉवर अडवून धरतो. त्याचा भुर्दंड टॉवरच्या पायथ्याशीं बसलेल्यासही पडतो. आमच्या मतें साऱ्या प्रश्नाचें मर्म येथेंच आहे. ‘आम्हांस रेंज आहे, मळ्यांतल्यांनीं आपलें पाहून घ्यावें’ असें गांवठाणांतील मंडळी म्हणतात. परंतु मळ्यांतल्याची रेंज सुधारली तर जो वेळ मोकळा होतो तो गांवठाणासच मिळतो.

लहरी सर्व सारख्या नसतात. ७००, ८५० वा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात, टेकडीच्या कडेवरून थोड्याबहुत वळतात, भिंतींतून व झाडपाल्यांतून शिरतात. १८०० ते २३०० च्या लहरींस तें तितकें साधत नाहीं. १ ऑक्टोबर २०२२ रोजीं आपल्या देशांत ५जी सुरू झालें. त्याचा ३३०० च्या पुढचा पट्टा पुष्कळ रुंद, पण पल्ला आंखूड. सबब जाणता व्यवस्थापक टॉवरजवळच्या फोनांस वरच्या पट्ट्यावर घालतो आणि खालचा पट्टा दूरच्यांसाठीं मोकळा ठेवतो. असें न केल्यास गांवांतील पोरें सिनेमे पाहण्यांत खालचा पट्टा भरून टाकतात व डोंगराकडेच्या वस्तीवरून साधा निरोप जात नाहीं. टॉवरवर दोन्ही पट्टे असतील तर ही दुरुस्ती कचेरींत बसून संगणकावर करतां येते. आपण मागणी मात्र नेहमीं नव्या टॉवरचीच करतों.

चांदवडास सातमाळ्याची रांग आहे, तेव्हां तिच्या माथ्यावर एक उंच टॉवर ठोकावा म्हणजे तालुक्याचें भागेल, अशी सूचना पारावर ऐकूं येते. वरवर ती बरोबर दिसते. परंतु माथ्यावरून सोडलेली लहर पायथ्याच्या मळ्यांवरून निघून जाते आणि दूर, दुसऱ्या टॉवरच्या आवाक्यांत जाऊन पडते. ४जींत शेजारचे टॉवर बहुधा एकच पट्टा वापरीत असल्यामुळें तेथें दोन आवाज एकमेकांत मिसळतात. आपलें पाणी दुसऱ्याच्या वाफ्यांत सोडून भांडण ओढवून घेण्याचाच हा प्रकार. म्हणून टॉवरवरील ॲन्टेना कांहीं अंश जमिनीकडे झुकवितात. झुकाव कमी पडला तर शेजाऱ्याची नासाडी, अधिक झाला तर कडेच्या वस्त्या कोरड्या. लहरीस दिशा देण्याची ही विद्या आमच्या प्रांतास नवी नाहीं. १९२७ सालीं खडकीहून विलायतेस बिनतारी संदेश धाडण्याची व तिकडील संदेश दौंडास घेण्याची सोय झाली, तेव्हां शक्ति चोहोंकडे न उधळतां एका झोतांत लावणें हेंच तिचें वैशिष्ट्य होतें.

टॉवरपासून पुढें माहिती काचतंतूंच्या केबलनें किंवा दुसऱ्या टॉवरवर रोखलेल्या तबकडीनें जाते. हा मुख्य पाट अरुंद असेल तर दांड्या भरून असूनही काम होत नाहीं. राहिली वीज. वीज गेली कीं टॉवर बॅटरीवर चालतो. बॅटरी जुनी झाली व डिझेल आलें नाहीं कीं तोही झोपतो. रात्रीं मोटार चालू करावयास जाणाऱ्या वाचकांस याविषयीं अधिक सांगावयास नको.

तेव्हां नुसती ‘रेंज नाहीं’ अशी तक्रार करूं नये. गट क्रमांक, वेळ, कंपनी, दांड्या, बोलणें होतें कीं नाहीं, इतकें आठ दिवस वहींत टिपावें. सकाळीं ठीक व सायंकाळीं बंद, तर गर्दीचा दोष. सदा बंद, तर डोंगराची सावली. दांड्या पूर्ण पण गति सदाच मंद, तर बहुधा मुख्य पाट अरुंद. विजेबरोबर जाते, तर बॅटरी. बाकी सर्व चालतें व सरकारी ॲप तेवढें अडतें, तर टॉवरास दोष देऊं नये, गर्दी तिकडच्या संगणकावर आहे. शेवटच्या दिवसांवर काम टाकणाऱ्यांस ती हमखास भेटते. ट्रायच्या २०२४ च्या नियमांप्रमाणें कंपन्यांनीं आपल्या आवाक्याचे नकाशे संकेतस्थळावर ठेवावयाचे आहेत. नकाशांत आपल्या गटावर रंग आहे आणि शेतांत रेंज नाहीं, हा उत्तम पुरावा होय. कंपनीच्या तक्रार केंद्राकडून तक्रार क्रमांक घ्यावा. निकाल न लागल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जातां येतें. आपल्या संघानें अशा वह्यांवरून गांववार तक्ता करून कंपन्यांकडे पाठविल्यास एकट्यादुकट्याच्या अर्जाहून त्यास वजन येईल.

टॉवरसाठीं जागा भाड्यानें देण्याच्या गोष्टी निघतात, त्यांत एक सावधगिरी. ‘ट्रायचें ना-हरकत पत्र आलें आहे, आधीं अमुक रक्कम भरा’ असा फोन आल्यास तो लबाडाचा समजावा. ट्राय असें पत्र कोणासही देत नाहीं. खरी कंपनी आली तरी भाडेपट्टा रीतसर नोंदवावा आणि सातबारावरील सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या घ्याव्या. एका भावाच्या सहीवर झालेला करार दुसऱ्या भावाच्या हरकतीवरून वर्षानुवर्षें अडून पडलेला आम्हीं दप्तरांत पाहिला आहे.