प्रार्थना, ख्रिस्ती

ख्रिस्ती धर्मात मनुष्याने परमेश्वराशी साधलेल्या संवादास प्रार्थना असे म्हणतात. स्तवन, पापांगीकार, उपकारस्मरण, याचना आणि मध्यस्थी म्हणजे इतरांसाठी केलेली विनवणी, ही तिची सामान्यतः मानलेली अंगे होत. ती बापाला उद्देशून, येशू ख्रिस्ताच्या द्वारे व पवित्र आत्म्याच्या साहाय्याने केली जाते, अशी ख्रिस्ती धारणा आहे. त्यामुळे ती केवळ मनुष्याची कृती ठरत नाही. काय मागावे हेही भक्ताला कळत नाही, तेव्हा पवित्र आत्माच त्याच्या वतीने निःशब्द विनंती करतो, असे पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. प्रार्थना येत नाही असे वाटणे ही प्रार्थनेची सुरुवात असू शकते, असे पुढील आचार्यांनी जे म्हटले, त्याचा आधार हाच होय.

येशूने शिष्यांना शिकविलेली प्रार्थना मत्तय व लूक यांच्या शुभवर्तमानांत आढळते. ती अत्यंत आटोपशीर आहे. देवाचे नाव, त्याचे राज्य व त्याची इच्छा यांना तीत अग्रस्थान असून रोजची भाकर त्यानंतर येते. भाकरीला मात्र तीत निश्चित स्थान आहे, हेही तितकेच लक्षणीय होय. ही प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणावी, असा नियम ‘दिदाखे’ या अतिप्राचीन ख्रिस्ती ग्रंथात आहे. पठणाला मनाची जोड नसेल, तर तिचे काय होते, ही चिंताही तितकीच जुनी आहे. परराष्ट्रीयांप्रमाणे व्यर्थ बडबड करू नये, असा इशारा मत्तयाच्या त्याच अध्यायात ह्या प्रार्थनेच्या आधीच येतो.

प्रार्थना सखोल कशी करावी, याविषयी पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत विपुल विचार झाला आहे. बाराव्या शतकातील कार्थुसियन मठाधिपती दुसरा ग्विगो याने शास्त्रवाचन, मनन, प्रार्थना व दर्शन अशी चार पायऱ्यांची शिडी कल्पिली. शास्त्रातील एखादे वचन हळूहळू वाचावे, मनात घोळवावे, त्यातून उमटलेला भाव देवापुढे मांडावा आणि शेवटी शब्द सोडून त्याच्या सान्निध्यात राहावे, असा हा क्रम आहे. मार्टिन ल्यूथरने १५३५ मध्ये पेटर नावाच्या आपल्या न्हाव्यासाठी एक छोटी पुस्तिका लिहिली. प्रभूच्या प्रार्थनेतील एकेक मागणी घेऊन तीवर मन स्थिर करावे आणि त्या ओघात अंतःकरणात काही विशेष बोध होऊ लागल्यास ठरलेली प्रार्थना बाजूला ठेवून शांतपणे ऐकावे, असे त्याने सुचविले. न्हाव्याने वस्तरा चालविताना लक्ष दुसरीकडे जाऊ देऊ नये, तसेच प्रार्थनेतही, हा त्याचा दृष्टान्त त्या वाचकाला नेमका पटण्यासारखा होता. इग्नेशियस लॉयोला (१४९१–१५५६) याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथास १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. शुभवर्तमानातील प्रसंग डोळ्यांपुढे उभा करणे आणि दिवसाच्या अखेरीस त्या दिवसाचा देवासमक्ष आढावा घेणे, या दोन गोष्टी त्यातून सर्वत्र पसरल्या.

आव्हिलाची तेरेसा (१५१५–८२) हिने आत्मचरित्रात दिलेला दृष्टान्त शेतकऱ्याच्या देशात समजावून सांगण्याची गरज नाही. साधकाचे मन ही बाग होय. प्रथम तिला विहिरीतून पोहऱ्याने पाणी घालावे लागते आणि कष्ट फार पडतात; पुढे रहाट लागतो; नंतर पाटाचे पाणी वाहू लागते; शेवटी पाऊस पडतो आणि माळ्याला काही करावेच लागत नाही. माळ्याने मात्र पाऊस येईल म्हणून पोहरा टाकून द्यावा, असे तिने कोठेही म्हटलेले नाही. विहीर आटलेली आढळली, तरीही काठावर येत राहावे, असा तिचा आग्रह आहे.

शुष्कता व अनुत्तरित प्रार्थना : श्रद्धेची खरी कसोटी येथे लागते. नियमित प्रार्थना करणाऱ्यास काही काळाने ती नीरस वाटू लागते, देव दूर गेल्यासारखा भासतो. जुन्या मठवासींनी ह्या अवस्थेस ‘अकेदिया’ म्हणजे आध्यात्मिक कंटाळा असे नाव दिले होते. क्रूसाचा योहान (१५४२–९१) याने मात्र अंधारातील सगळीच वाटचाल आळसात मोजली नाही. इंद्रियांना मिळणारे समाधान नाहीसे होते, पण देवाची ओढ राहते, तेव्हा तो अंधार साधकाला गोड अनुभवांच्या आसक्तीतून मुक्त करतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. कोलकात्याच्या मदर तेरेसा यांची खाजगी पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांना अनेक दशके असा अंधार सोसावा लागल्याचे उघड झाले आणि अनेक वाचकांना धक्का बसला. परंपरेशी परिचित असलेल्यांना तसा धक्का बसण्याचे कारण नव्हते. अनुभव आला म्हणजेच प्रार्थना झाली, ही समजूत लोकप्रिय असली, तरी ती ह्या सर्व आचार्यांच्या मताविरुद्ध आहे.

याचना केली आणि ती फळली नाही, तर काय, हा प्रश्न याहून अवघड आहे. बायबल तो टाळत नाही. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एकतृतीयांश स्तोत्रे विलापाची असून अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. पौलाने आपल्या देहातील काटा काढावा म्हणून तीनदा विनंती केली व ती मान्य झाली नाही. गेथशेमाने बागेत येशूने दुःखाचा प्याला टळावा असे मागितले आणि तो टळला नाही. त्यामुळे देवाकडे तक्रार मांडणे हे अश्रद्धेचे लक्षण मानता येत नाही. ख्रिस्ती प्रार्थना मागणीतून संबंधाकडे जाते असे म्हणतात, ते ह्याच अर्थाने. परंतु ज्याचे मूल आजारी आहे त्याच्यासमोर ते वाक्य घाईने उच्चारणे उचित नव्हे.

मराठी परंपरा : मराठी ख्रिस्ती प्रार्थनेचा इतिहास हा बऱ्याच अंशी भाषेचा इतिहास आहे. परकी भाषेत किंवा शब्दशः भाषांतरित वाक्यांत केलेल्या प्रार्थनेत मन उघडे करणे कठीण जाते. थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) या इंग्रज जेझुइटाने हे ओळखून सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले (१६१६). हिंदू घरांतून पुराणे ऐकत आलेल्या नवख्रिस्त्यांना त्यांच्या कानाला परिचित असलेल्या छंदात येशूचे चरित्र ऐकता यावे, हा त्याचा हेतू होता. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेच्या वापरावर निर्बंध घातले, तेव्हा ही परंपरा खंडित झाली.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरात पाश्चात्त्य चालींवर बसविलेली भाषांतरित गीते रूढ होती. कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) यांनी अहमदनगर भागात ख्रिस्ती कीर्तनाचा पायंडा पाडला आणि देशी चालींवर पदे रचली. याच काळात १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ⟶ प्रार्थनासमाजातही तुकारामांच्या अभंगांना मोठे स्थान मिळाले. एकेश्वरी उपासनेच्या या दोन निरनिराळ्या प्रवाहांनी संतवाणीकडे वळावे, हा योगायोग म्हणता येणार नाही. मनातले बोलण्याची भाषा मराठी माणसाला तेथेच मिळाली होती. मराठीत देवाला ‘तू’ म्हणता येते आणि विठ्ठलाला माउलीही म्हणता येते. ही जवळीक इंग्रजी प्रार्थनाग्रंथांच्या आदरयुक्त भाषांतरांत सहसा उतरत नाही.

या वाटेने सर्वांत दूर गेले ते ⟶ नारायण वामन टिळक (१८६१–१९१९). १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त गुरू आहे, सखा आहे आणि माउलीही आहे. त्यांच्या प्रार्थनागीतांत पाठ केलेल्या भक्तीपेक्षा संवाद अधिक आहे. रुसवा, विनवणी, निश्चय, पुन्हा विनवणी असा तो चालतो. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी सातारा येथे ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोहोंना ख्रिस्ताच्या भक्तीत एकत्र आणण्याचा तो प्रयत्न होता. दोन वर्षांतच टिळक वारल्यामुळे त्याची वाढ खुंटली. त्यांच्या पत्नी ⟶ लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’त घरातील श्रद्धेची ओढाताण ज्या मोकळेपणाने आली आहे, तसा मोकळेपणा धर्मांतरितांच्या आत्मकथनांत विरळा आढळतो.

⟶ पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांची वाट वेगळी होती. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो मात्र पुढे काही वर्षांनी भेटला, असे त्यांनी १९०७ मधील आपल्या निवेदनात नमूद केले आहे. एवढी विदुषी बुद्धीने पटलेल्या मतात आणि जिवंत विश्वासात फरक करते, ही गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. केडगाव येथील मुक्ती सदनात १९०५ च्या आरंभी त्यांनी मुली व स्त्रियांचे प्रार्थनामंडळ सुरू केले आणि त्याच वर्षीच्या जूनअखेर तेथे मोठी धार्मिक जागृती घडून आली. रडणे, मोठ्याने पापे कबूल करणे, एकाच वेळी अनेकींनी प्रार्थना करणे ह्या प्रकारांवर टीका झाली. दुष्काळातून वाचलेल्या आणि कधी कोणी मत न विचारलेल्या स्त्रियांना तेथे स्वतःच्या शब्दांत बोलता आले, हे त्या टीकेत फारसे आलेले दिसत नाही. हिब्रू व ग्रीक भाषा शिकून रमाबाईंनी केलेले बायबलचे सोपे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

अँग्लिकन धर्मगुरू जॅक विन्स्लो (१८८२–१९७४) याने १९२२ मध्ये अहमदनगर येथे ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. पुढे तो पुण्यास आला. टिळकांचा चरित्रकार असलेल्या विन्स्लोने साधे अन्न, जमिनीवरील बैठक, देशी संगीत व मौन यांना आश्रमीय प्रार्थनेत स्थान दिले. मानवशास्त्रज्ञ म्हणून पुढे प्रसिद्धीस आलेले व्हेरियर एल्विन प्रथम या संघातच आले होते. १९७२ च्या सुमारास अँग्लिकन व कॅथलिक जोगिणींनी मिळून तेथे पुन्हा आश्रमजीवन सुरू केले. कॅथलिक पंथात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) लॅटिनऐवजी मराठीतून मिस्सा होऊ लागली आणि वसई परिसरात मराठी उपासना-साहित्यास बहर आला.

कृष्णा-पंचगंगेचा प्रदेश : कुरुंदवाड (जि. कोल्हापूर) हे पटवर्धनांच्या संस्थानाचे ठिकाण कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमानजीक असून पलीकडे नृसिंहवाडीचे दत्तस्थान आहे. पालखी, आरती आणि नदीचे पाणी देवळात शिरले म्हणजे होणारा दक्षिणद्वार सोहळा यांच्या परिसरात प्रार्थना ही खाजगी बाब राहत नाही. गणेशोत्सवात येथील काही मशिदींत गणपती बसविण्याची प्रथाही प्रसिद्ध आहे. अशा मुलखात ख्रिस्ती उपासना आली ती कोल्हापूरच्या मिशनमधून. रॉयल वाइल्डर हा अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरास आला. १८७० मध्ये हे मिशन प्रेसबिटेरियन मंडळाकडे गेले आणि पुढे सांगली, मिरज, कोडोली या ठिकाणी त्याची केंद्रे झाली. मिरज येथे विल्यम वॉनलेस (१८६५–१९३३) यांनी रुग्णालय उभारले.

वाइल्डर यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मला. त्याने व त्याची बहीण ग्रेस हिने अमेरिकेत प्रिन्स्टन येथे, विद्यार्थ्यांतून मिशनकार्यासाठी स्वयंसेवक निघावेत म्हणून दीर्घकाळ एकत्र प्रार्थना केली. १८८६ च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन येथील मेळाव्यात २५१ पैकी १०० विद्यार्थी त्यासाठी पुढे आले. जागतिक प्रॉटेस्टंट मिशनच्या इतिहासात विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ म्हणून हा प्रसंग गाजला. ग्रेस नंतर आईसह कोल्हापूर भागात परतली. त्या घरातील प्रार्थनेची सवय दख्खनच्या या कोपऱ्यात लागली होती, याचा उल्लेख परदेशी ग्रंथांत सहसा ओझरताच येतो.

स्थानिक मंडळ्यांतील बहुसंख्य सभासद अस्पृश्य मानलेल्या जातींतून आले. गावच्या देवळाच्या पायरीपुढे ज्यांना जाता येत नसे, त्यांना चर्चमध्ये पुढच्या रांगेत बसून, उभे राहून स्वतःच्या बोलीत प्रार्थना करता आली. बायबल वाचण्यासाठी अक्षरओळख आवश्यक असल्यामुळे प्रार्थना व शाळा यांचे नातेही जवळचे राहिले. सुशिक्षितांच्या संस्कृतप्रचुर उपासना-मराठीला मात्र या मंडळींच्या तोंडी येण्यास वेळ लागला. हे अंतर सर्वत्र आणि पूर्णपणे बुजले आहे, असे म्हणता येत नाही. घरगुती उपासना, उपवासकाळातील सभा, आजाऱ्याच्या खाटेजवळची प्रार्थना आणि अंत्यसंस्कारानंतरच्या सांत्वनसभा यांतून तिचे दैनंदिन रूप टिकून आहे.

नदीकाठच्या या तालुक्याला २००५, २०१९ व २०२१ मध्ये महापुराने वेढले. पुरातून घर वाचण्यासाठी केलेली प्रार्थना आणि पाणी ओसरल्यावर चिखलाने भरलेल्या घरात केलेली प्रार्थना, या दोहोंना ख्रिस्ती उपासनेत आधार आहे. पहिलीला प्रभूच्या प्रार्थनेतील भाकरीची मागणी आधार देते. दुसरीसाठी विलापस्तोत्रे आहेत. ती मंडळीने एकत्र म्हणावीत, कारण दुःखात एकट्याला शब्द सुचत नाहीत, असा जुना परिपाठ आहे.